पंचायतघराला डोळे बसवताना

सरपंच झाल्याबद्दल अभिनंदन. गळ्यातले हार सुकले, फटाक्यांचे लाल कागद शिपायाने झाडून टाकले, आता कामाला लागा. नळाला पाणी नाही, कचऱ्याची शेड गळते, या तक्रारी जुन्या आहेत. गावाला त्यांची सवय झालीय, ती मोडू नका. पहिलं काम पंचायतघराच्या सुरक्षेचं. गोव्यात १९१ पंचायती आहेत, त्यांत आपलीच तेवढी उघड्यावर आहे असं कुणी म्हणता कामा नये.

कॅमेरे किती घ्यायचे हा प्रश्न सोपा आहे. शेजारच्या गावाने सहा लावले असतील तर तुम्ही आठ लावा. चालतात किती हे कुणी विचारत नाही, लावले किती हे नारळ फोडताना सांगायचं असतं. विक्रेता वार्षिक देखभालीच्या कराराचा कागद पुढे करील. तो हळूच बाजूला सारा. देखभालीची फीत कापता येत नाही, आणि जिची फीत कापता येत नाही अशा गोष्टीवर पैसे घालणारा सरपंच दुसऱ्यांदा निवडून आलेला निदान मी तरी पाहिलेला नाही.

आता जागा. पहिला कॅमेरा कोनशिलेवर रोखा. आमदारांच्या खालच्या ओळीत का होईना, तुमचं नाव संगमरवरात कोरलेलं आहे, ते जपायला हवं. दुसरा तुमच्या गाडीवर. तिसरा बाहेरच्या बाकावर, जिथे लोक सचिवांची वाट बघत बसतात. सचिवांकडे बहुधा आणखी एका पंचायतीचा ताबा असतो, त्यामुळे या बाकाचं चित्रण भरपूर मिळतं. शिवाय त्यात कुणी फारसं हलत नाही, म्हणून हार्ड डिस्कवर जागाही कमी लागते. उरलेले कॅमेरे आवारात कुठेही लावा, एखादा फणसाकडे लावलात तरी चालेल. फक्त रेकॉर्डच्या खोलीकडे एकही नको. तिथे बांधकाम परवान्यांच्या फायली, घर क्रमांकांच्या नोंदी आणि ना-हरकत दाखल्यांच्या स्थळप्रती असतात. चोराने न्यावं असं त्यात काही नाही. नेणारे ओळखीचे असतात, आणि ओळखीच्या माणसाला पडद्यावर फाईल काखेत मारून जाताना बघणं बरं दिसत नाही.

त्या खोलीच्या किल्लीची व्यवस्था बदलू नका. एक सचिवांच्या खिशात, एक समोरच्या पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, साखरेच्या डब्यामागे. ही दुसरी किल्ली गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. वाळवीला तर किल्लीही लागत नाही. चार पावसाळे भिंतीला टेकून ठेवलेल्या दफ्तराचं तिने काय केलंय ते पाहिलंत, तर माणसांचा संशय घेतल्याची लाज वाटेल.

सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर नावाचा जो काळा डबा मिळेल, तो स्वतःच्या टेबलाखाली ठेवा, जेवणाच्या डब्याच्या पिशवीशेजारी. चोर आलाच, तर त्याला कॅमेरे फोडत बसायला नको. डबा उचलला की पुराव्यासकट काम झालं. पासवर्ड कंपनीने घालून दिलेलाच राहू द्या आणि तो चिकटपट्टीवर लिहून डब्यावरच लावा, म्हणजे विसरायला होणार नाही. २०१६ साली मिराई नावाचा एक घातक संगणकी प्रोग्रॅम जगभर बोकाळला होता. असल्या कारखानी पासवर्डांच्या साठेक जोड्या लावून बघत त्याने लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर आपल्या दावणीला बांधले आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळं बंद पाडली. म्हणजे बघा, फणसाकडे तोंड करून टांगलेल्या आपल्या कॅमेऱ्यालाही जगाच्या घडामोडींत भाग घेता येतो.

यापुढचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण सगळं मर्म त्यात आहे. साधारण बऱ्या प्रतीचा एक कॅमेरा, सेकंदाला दोन मेगाबिट या दराने, दिवसाला एकवीस-बावीस जीबी जागा खातो. आठ कॅमेऱ्यांचे झाले १७३ जीबी. विक्रेत्याने स्वस्तात दिलेली हार्ड डिस्क एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची. म्हणजे सहावा दिवस पुरता संपायच्या आत यंत्र पहिल्या दिवसावर नवं चित्रण चढवायला लागतं. उलट, कुणी चित्रण मागितलं तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात उत्तराला मुदत आहे ३० दिवसांची. तुम्हाला काही पुसायला नको, काही लपवायला नको, खोटंही बोलायला नको. सहा दिवस तेवढे काढायचे. त्यासाठी आपल्याकडे ‘पळोवया’ (बघूया) आणि ‘फाल्यां यो’ (उद्या ये) ही दोन कुलपं बापजाद्यांपासून चालत आलेली आहेत, त्यांना ना वीज लागते ना तेलपाणी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांतलं चित्रण १८ महिने जपायला सांगितलं. पण ते पोलीस ठाण्यांना. तुमच्याकडे कुणी मोठ्या हार्ड डिस्कचा विषय काढलाच, तर पुढच्या मासिक बैठकीत घेऊ म्हणा.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका पावसाळ्यात आमच्या परसाची भिंत कोसळली, ती बांधायच्या परवान्यासाठी मी एका पंचायतीत अर्ज केला. नाव सांगत नाही, तुमचीही असू शकेल. अर्जाला आवक क्रमांक पडला, शिक्का बसला आणि तिसऱ्या दिवशी फाईल नाहीशी झाली. शिपाई म्हणाला, “काका, फाईल इथंच होती हां, या कपाटावर. मी स्वतः ठेवली.” मी चित्रण मागितलं. खूप खेपांनंतर, मागितलेल्या दिवसाचं नव्हे पण त्याच कपाटाकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याचं एका रात्रीचं चित्रण मला दाखवण्यात आलं. कपाटाकडे कॅमेरा होता हाच मला धक्का. तो विक्रेत्याच्या पोराने चुकून लावला होता म्हणे.

अंधारात बघता यावं म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे बारीक दिवे असतात. त्यांच्या उबेला आणि किड्यांच्या आशेने कोळी तिथेच संसार मांडतो. जाळं भिंगाच्या इतकं जवळ की दिव्यांचा सगळा उजेड त्याच्यावरच आपटून परत येतो. पडद्यावर पांढरंशुभ्र धुकं. त्या धुक्यात मधूनमधून एक पाय येई, बांबूएवढा जाड, केसाळ. मग दुसरा. मग अख्खा कोळी सावकाश फिरून आमच्याकडे पाठ करून बसे. मागे कपाट होतं की नव्हतं, फाईल गेली की आली, देव जाणे. आम्ही तिघं (मी, शिपाई आणि दाखल्याला आलेली एक बाई) अर्धा तास बघत होतो. एका पतंगाला त्याने गुंडाळला तेव्हा ती बाई म्हणाली, “बघा, याचं तरी काम वेळेवर होतं.”

तेव्हा कॅमेरे पुसू नका. चवथीला सगळं गाव जळमटं काढतं, पंचायतघराची काढू नका.

वेळेचंही पाहा. डीव्हीआरमधला बटणाएवढा सेल संपला की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर घड्याळ मूळ पदावर येतं. आपल्याकडे पावसात वीज किती जाते हे तुम्हाला सांगायला नको. फाईल गेल्या मंगळवारी गेली असेल, पण चित्रणात ती १ जानेवारी २००० च्या पहाटे जाते, आणि त्या वेळी सरपंच कोण होता हे तुम्ही ताठ मानेने सांगू शकता. मृगाच्या गडगडाटात तारेतून वीज उतरून डबाच जळाला, तर सोन्याहून पिवळं.

एवढं करूनही कुणी चिवट निघाला आणि चित्रण न्यायालयात लागणार असं दिसलं, तर हसतमुखाने पेनड्राईव्ह द्या. फक्त सोबत प्रमाणपत्र देऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते लागतं, त्यात हॅश नावाचा, चित्रणात फेरफार झाला नाही हे ताडून बघायचा, एक लांबलचक आकडा भरावा लागतो. सचिवांना विचारा, ते म्हणतील पळोवया.

एक गोष्ट मात्र माझ्याने आवरता आली नाही, ती तुमच्याही आवाक्याबाहेरची आहे. आपल्याकडे सरपंच पंचांमधून निवडला जातो, म्हणजे सातांतले चार फुटले की अविश्वास ठराव आणि नवा सरपंच. खुर्ची बदलते, पाटीवरचं नाव रंगवून घेतात, पण कॅमेऱ्यांचं ॲप ज्याच्या मोबाईलवर पहिल्यांदा चढवलं त्याच्याच मोबाईलवर राहतं. तुमच्या आधीचा सरपंच आता मोकळाच असतो. जेवण झालं की सोप्यावर पाय पसरून तो मोबाईल उघडतो आणि आठही चौकटी एकेक करून मोठ्या करून बघतो: बाक, कोनशिला, तुमची गाडी. इतक्या मन लावून ती यंत्रणा दुसरं कुणीच बघत नाही.

आमच्याकडच्या माजी सरपंचाने परवा रात्री साडेनऊला शिपायाला फोन केला, “अरे, मीटिंग हॉलचा पंखा चालू राहिलाय.” शिपाई पावसात स्कूटर काढून गेला. पंखा खरंच चालू होता.