गुन्हा सिद्ध झाला म्हणजे बंदुका सरकारच्या झाल्या?

"अमेरिकेत फेलनीत (म्हणजे गंभीर गुन्ह्यात) दोषी ठरलात की सरकारकडे असलेल्या तुमच्या बंदुकांवर पाणी सोडा. परत मिळत नाहीत, विकता येत नाहीत, मित्राला द्या म्हणालात तर नवा गुन्हा." हा दावा बराच फिरतो. त्यातला 'परत मिळत नाहीत' एवढाच भाग खरा आहे.

"मालकीच संपते." नाही. संघीय कायद्याचं कलम ९२२(जी) दोषी माणसाला बंदूक बाळगायला, स्वीकारायला आणि तिची ने-आण करायला मनाई करतं. मालकीबद्दल त्यात एक शब्द नाही. जप्ती आणि सरकारजमा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदूक गुन्ह्यात वापरली असेल तर कलम ९२४(डी)खाली ती सरकारजमा करता येते, पण त्यासाठी सरकारला जप्तीपासून १२० दिवसांत कारवाई सुरू करावी लागते. जामिनाच्या अटीपोटी जमा केलेली, गुन्ह्याशी संबंध नसलेली बंदूक केवळ दोषसिद्धीमुळे सरकारची होत नाही.

"कुणाला द्यायची हे सांगणं म्हणजेच ताबा." नेमका हाच युक्तिवाद सरकारनं सर्वोच्च न्यायालयात केला आणि तिथं तो टिकला नाही. अमेरिकेच्या सीमा गस्त दलातल्या हेंडरसनवर २००६ मध्ये गांजा-विक्रीचा आरोप आला. जामिनासाठी त्यानं आपल्या बंदुका जमा केल्या आणि त्या एफबीआयकडे राहिल्या. गुन्हा कबूल करून, शिक्षा भोगून सुटल्यावर त्यानं विनंती केली, की विकत घ्यायला तयार असलेल्या मित्राकडे त्या सोपवा. एफबीआय, जिल्हा न्यायालय आणि अकरावं सर्किट (संघीय अपील न्यायालय), तिघांनीही नकार दिला. १८ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं अपील न्यायालयाचा निकाल रद्द केला.

न्यायमूर्ती एलेना केगन यांचं निकालपत्र साध्या भाषेतलं आहे. वस्तू हातात नसतानाही ताबा मानायचा, तर तिच्यावर नियंत्रण चालवण्याची ताकद आणि इरादा, दोन्ही लागतात. घेणारा ठरवणं हे मालकी सोडण्याचं पाऊल आहे. सरकारचं म्हणणं मानलं, तर जगाच्या दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाला विकणं किंवा पोलिसांना दान देणंसुद्धा गुन्हा ठरेल, असं त्यांनी दाखवून दिलं. हे मराठी वाचकांना नवं वाटायला नको. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यातही कलम २१खाली बंदूक जमा करणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत ती पात्र माणसाला विकून पैसे घेता येतात. न्यायालयानं कलम ३२खाली सरकारजमा करायला सांगितलेली बंदूक मात्र त्यातून वगळली आहे.

"मग भावाच्या नावावर करून घरातच ठेवता येईल." ही उलट बाजूची अफवा, आणि ती जास्त धोक्याची. दोषी माणूस ती बंदूक वापरू शकणार नाही किंवा दुसऱ्याकडून वापरून घेऊ शकणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. एकाच छताखाली राहणारा भाऊ किंवा बायको पुढे केली की अर्ज अनेकदा इथेच अडतो, कारण तिजोरीची किल्ली कुणाच्या हाताला लागेल याचं समाधानकारक उत्तर नसतं. घेणारा स्वतः पात्र हवा. बंदूक दोषी माणसाच्या हाती पडू दिली, तर घेणाऱ्यावरही गुन्हा येतो, आणि हे माहीत असल्याची कबुली न्यायालय त्याच्याकडून घेऊ शकतं. सर्वांत निर्धोक वाट म्हणजे त्रयस्थ परवानाधारक विक्रेता: तो खुल्या बाजारात विकतो, गिऱ्हाईक फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा संघीय अर्ज) भरतं, पार्श्वभूमी तपासली जाते आणि पैसे मालकाला मिळतात.

अर्ज फौजदारी प्रक्रिया नियम ४१(जी)खाली, जिथं जप्ती झाली त्या जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात करायचा. प्रत्येक बंदुकीचा मेक, मॉडेल आणि अनुक्रमांक, जमा केल्याची पावती आणि घेणाऱ्याचं शपथपत्र जोडावं. 'मला परत द्या' असं चुकूनही लिहू नये. मागणी हस्तांतराची असावी. अनुक्रमांक खरवडलेली बंदूक किंवा नोंदणी नसलेली मशीनगन यादीत घालू नये, कारण हा हक्क कायदेशीर मालकीपुरताच आहे. खटला संपल्यावर हा अर्ज दिवाणी मानला जातो आणि त्याला साधारणपणे सहा वर्षांची मुदत लागते.

मात्र सगळ्यांत आधी सरकारी वकिलाशी केलेला गुन्हा कबुलीचा करार काढून वाचावा. बंदुकांवरचा हक्क सोडल्याचं कलम त्यात असेल आणि खाली सही असेल, तर २०१५चा निकाल क्वचितच कामी येतो.