एवढासा तर प्लग!

काकांनी त्यांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या तापणाऱ्या नळ्या असलेला जुना रेडिओ माझ्या हवाली केला तेव्हा म्हणाले, "सेट ठणठणीत आहे. मागचा प्लग तेवढा बघ." त्या 'तेवढा'वर मी विश्वास ठेवला.

भिंतीत जातो तो प्लग नव्हे. तो कुठेही मिळतो. हा वायरीच्या दुसऱ्या टोकाचा, रेडिओच्या पाठीत बसणारा. मागे पुठ्ठ्याचं झाकण, त्यातल्या मोठ्या भोकातून डोकावणाऱ्या दोन पितळी पिना आणि त्यांच्यावर बसणारा अंगठ्याएवढा काळा ठोकळा, बेकेलाइट नावाच्या जुन्या कडक प्लॅस्टिकचा. बसायचा, म्हणू या. आता त्याचे दोन तुकडे झाले होते आणि ज्याच्यावाचून ते दोन जुळत नव्हते तो तिसरा तुकडा बेपत्ता होता. मोठ्या भोकाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन बारीक भोकं होती. हवा खेळायला असतील, असं म्हणून मी तो विषय संपवला.

पिनांमधलं अंतर मोजलं: १३ मिलिमीटर. त्यानंतर आठवडाभर माझी नजरच बिघडली. शेव्हरची वायर, टेपरेकॉर्डरची वायर, माळ्यावरच्या खोक्यातल्या अनाथ वायरी, सगळ्यांच्या मी फक्त भोकांकडे बघत होतो. एकीची जवळ, दुसरीची लांब. अंतर जुळलं तर पीन जाड. "अरे, माझा हेअर ड्रायर ठेव खाली," बायको दारातूनच म्हणाली. तिला न विचारता तो कसा उघडायचा याचा मी नुकताच विचार करत होतो.

दुकानदाराने तुकडे हातात घेतलेसुद्धा नाहीत. "असले आता येत नाहीत. वायर सरळ आत सोल्डर करून टाका." सल्ला सोपा होता, पण हा सेट एसी-डीसी जातीचा, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा. आत ट्रान्सफॉर्मर नाही. व्हॉल्व्हची हीटर, म्हणजे त्यांच्यातल्या तापणाऱ्या तारा, दिव्यांच्या माळेसारखी एकामागोमाग जोडलेली आणि मेन्सची एक तार थेट चॅसीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला. भिंतीतला प्लग उलटा लागला की सगळ्या पत्र्यात २३० व्होल्ट. अशा सेटमध्ये हात घालण्याआधी प्लग उपसून डोळ्यांसमोर ठेवला की जीव थाऱ्यावर राहतो. तेव्हा प्लग हवाच.

मग वाटलं, सोल्डरिंग आयर्नने तुकडे वितळवून चिकटवावेत. बेकेलाइट १९०७ साली लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलं आणि त्याची खासियत हीच, की एकदा घट्ट झालं की कितीही तापवा, पुन्हा वितळत नाही. हे मला शाळेत शिकवलं होतं. आठवलं मात्र घरभर दवाखान्यासारखा वास पसरल्यावर. सुपरग्लूनेही चिकटवून पाहिलं. त्यातून माझी दोन बोटं एकमेकांना जोडली गेली, आणि त्या आठवड्यातला तेवढाच जोड पक्का बसला.

शेवटी ठरवलं, नवा प्लग ओतायचा. जुन्या तुकड्यांतून पितळेच्या दोन चिरलेल्या नळ्या सोडवल्या. त्या इतक्या काळवंडल्या होत्या की आत पितळ आहे हे पॉलिश पेपरवर विश्वास ठेवून मानायचं. घासल्यावर पिवळ्याधमक झाल्या. नवी वायर सोल्डर केली, ओढली तर जोडावर ताण येऊ नये म्हणून आधी तिला गाठ मारली. अंतर चुकू नये म्हणून नळ्या रेडिओच्याच पिनांवर चढवल्या आणि पिनांना व्हॅसलिन चोपडलं. नळ्यांची तोंडं प्लॅस्टिसिनने बंद केली, भोवती पुठ्ठ्याचं डबडं उभं केलं, रेडिओ तोंडावर पालथा घातला आणि इपॉक्सीचं रेझिन-हार्डनर समसमान कालवून आत ओतलं. मग हात पाठीमागे बांधून चोवीस तास घरात फिरलो. त्या काळात मला कोणी कामं सांगितली नाहीत, कारण दर अर्ध्या तासाने मी त्या डबड्यात डोकावत होतो आणि तसल्या माणसाला कामं सांगण्यात अर्थ नसतो.

दुसऱ्या दिवशी प्लग ओढला. हलेना. पिना तर व्हॅसलिनने न्हालेल्या! मग लक्षात आलं: व्हॅसलिन पिनांना लावलं होतं, झाकणाला नाही. झाकणाचे स्क्रू काढून जपून ओढलं तर पिना अलगद सुटल्या आणि झाकण, त्याला चिकटलेला प्लग आणि प्लगची दोन मीटर वायर असं एक शेपटीवालं जनावर माझ्या हातात आलं. उलटून पाहिलं. त्या दोन बारीक भोकांतूनही इपॉक्सी आत शिरलं होतं आणि पलीकडे त्याच्या बटणासारख्या दोन टोप्या झाल्या होत्या. कानस, चाकू, शिव्या, सगळं वापरून झालं. ढिम्म.

मल्टिमीटरने पाहिलं, दोन नळ्या आपसात कुठे भिडलेल्या नव्हत्या. मग झाकण तसंच बसवलं आणि ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये टाकून स्विच दाबला. शॉर्ट असता तर बल्ब पूर्ण पेटून राहिला असता. तो क्षणभर उजळला, मग मंदावला. अर्ध्या मिनिटाने घूं झालं आणि एक बाई बातम्या सांगू लागल्या.

काकांना फोन लावला. आधी आनंदाची बातमी दिली, मग आवाज खाली आणून कबुली दिली: "काका, पण तो आता झाकणासकटच निघतो."

"मग बरोबर बसलाय की!"

"म्हणजे?"

"अरे, मुळात तो झाकणाला रिव्हेट मारूनच बसवलेला होता. झाकण काढलं की करंट आपोआप तुटावा म्हणून. मला आत खुडबुड करायची असायची, झाकण काढलं की सेट बंद. वैतागून मीच ते रिव्हेट तोडले. तेव्हाच फुटला तो."

"काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू प्लगचं विचारलंस," काका म्हणाले, "झाकणाचं कुठे विचारलंस?"