टोकियोतल्या शिंजुकुच्या बस टर्मिनलवरच्या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं असं की आम्ही शिंजुकु ते कावागुचिको (फुजी पर्वताजवळचं तळं) बसचं तिकीट काढून दिलं, तुम्हाला दोन मिनिटं उशीर झाला आणि गाडी डोळ्यासमोरून निघून गेली, ड्रायव्हरने मान झुकवली पण दार काही उघडलं नाही, पुढच्या गाड्या फुल, पैसे बुडाले, आणि रविवारी परत येताना मात्र बस दीड तास लेट. "स्वारगेटला सुद्धा कंडक्टर पाच मिनिटं थांबतो" असंही लिहिलंय. सोबत आई-बाबा, त्यात बॅगा, राग येणारच. पण हे वाचून बाकीचे लोक त्या टर्मिनलचं नावच टाकतील म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हे टर्मिनल, म्हणजे बास्ता शिंजुकु, २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. त्याआधी शिंजुकुमधून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे १९ स्टॉप स्टेशनच्या आजूबाजूला विखुरलेले होते, ते सगळे एका छताखाली आणले, ते पण रेल्वेच्या रुळांच्या वर इमारत बांधून. गाड्या सुटायला चौथ्या मजल्यावर फक्त १२ बे (गाडी लावायच्या जागा) आहेत आणि गर्दीच्या दिवशी दीड हजाराच्या आसपास गाड्यांची ये-जा. म्हणजे एक बे एका गाडीला मिळतो तो थोडीच मिनिटं, तेवढ्यात ड्रायव्हर स्वतः खाली उतरून तिकिटं बघतो, बॅगांना टॅग लावून डिकीत ठेवतो आणि वेळ झाली की निघतो, कारण मागची गाडी आत यायला थांबलेली असते. तो दोन मिनिटं थांबला तर मागचीला उशीर, मग तिच्या मागचीला, आणि रांग पार खाली कोशू काइदो रस्त्यापर्यंत, तो त्यांचा २० नंबरचा नॅशनल हायवे. त्यामुळे एकदा बेमधून गाडी हलली की दार उघडत नाहीत, मग तो जपानी माणूस असो की आपण. त्या ड्रायव्हरला उद्धट म्हणू नका प्लीज, त्याने मान झुकवली ती माफी मागायलाच.

"मागे उभं राहून गेलो असतो" असंही लिहिलंय तुम्ही. एक्सप्रेसवेच्या गाडीत उभं राहून प्रवास चालतच नाही, प्रत्येकाला सीट आणि सीटबेल्ट. सीट संपल्या की गाडी फुल.

आता उशीर का झाला ते. तुम्हीच लिहिलंय की योदोबाशी कॅमेराच्या दुकानाजवळ अर्धा तास शोधत होतो. ते वेस्ट एक्झिटला आहे ताई, २०१६ च्या आधी कावागुचिकोच्या गाड्या तिकडूनच सुटायच्या आणि जुन्या ब्लॉगवर अजून तोच पत्ता फिरतोय. आमच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये साउथ एक्झिट लिहिलं होतं, बाहेर आल्यावर समोरचा मोठा रस्ता ओलांडायचा, एस्केलेटरने चौथ्या मजल्यावर जायचं, तिसऱ्यावर थांबायचं नाही कारण तिथे फक्त येणाऱ्या गाड्या आणि टॅक्सी, आणि अर्धा तास आधी पोचायचं. शिंजुकु हे जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन म्हणून गिनीजमध्ये आहे, तिथे चुकीच्या बाजूला बाहेर पडलं की उलट फिरून यायला वेळ जातोच, म्हणून तर तो अर्धा तास सांगतो आम्ही.

येतानाच्या लेटबद्दल. गाडी कधी सुटणार हे टर्मिनलच्या हातात असतं, कधी पोचणार हे रस्त्याच्या. रविवारी संध्याकाळी सगळं टोकियो फुजीकडून घरी निघालेलं असतं आणि चुओ एक्सप्रेसवेवर कोबोतोके बोगद्यापाशी ट्रॅफिक तुंबतं, तिथे बस काय आणि कार काय. म्हणून परतीच्या दिवशी रात्रीचं फ्लाइट असेल तर आम्ही कोणालाच बस देत नाही. तुमचं फ्लाइट दोन दिवसांनी होतं.

आणि एक गोष्ट तुमच्या रिव्ह्यूत राहून गेली. तुमचा फोन आला तेव्हा तिकडे सकाळचे नऊ, म्हणजे इकडे पहाटेचे साडेपाच. आमच्या ऑफिसातल्या मुलीने अंथरुणातूनच कावागुचिकोला थेट जाणारी फुजी एक्स्कर्शन ट्रेन बघितली, ती फुल होती, मग ओत्सुकी स्टेशनपर्यंत काइजी एक्सप्रेस आणि पुढे फुजीक्यू रेल्वेची लोकल असं जोडून दिलं, ओत्सुकीला कुठे बदलायचं ते तुमच्याशी फोनवर बोलत राहिली आणि दुपारच्या आत तुम्ही तळ्यावर होतात. तिचं मला कौतुक आहे आणि ते इथे लिहायलाच हवं.

बस सुटल्यावर तिकिटाचा रिफंड मिळत नाही, तो बसकंपनीचा नियम आहे आणि बुकिंगच्या वेळी तो तुम्हाला पाठवला होता. तेवढे पैसे आम्ही परत देऊ शकणार नाही, हे स्पष्ट सांगतो.

बाबा म्हणाले होते की पुढच्या वेळी ताकायामा हे डोंगरातलं जुनं गाव बघायचंय. तिथे याच टर्मिनलवरून थेट बस आहे, साधारण साडेपाच तास, बॅग एकदा डिकीत टाकली की संपलं. बस नकोच असेल तर नागोयापर्यंत शिंकानसेन (बुलेट ट्रेन) आणि पुढे हिदा एक्सप्रेस, एकदाच बदलायचं पण खर्च बराच जास्त. दोन्हीचे रेट मेल करतो, आई-बाबांना विचारून तुम्ही ठरवा.