‘पोलीस केस झाली तर वकील करू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

आमच्या यवतमाळ-वाशीम पट्ट्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव नाही. त्याचे म्हणणे असे की, गावच्या भांडणात पोलीस केस झाली तर वकील करू नये, कारण निर्दोष माणसाला वकील लागत नाही आणि वकील केला की पोलीस चिडतात. पोलिसांना सगळे खरे सांगून सही करून द्यावी. कोर्टात गुन्हा कबूल करून शे-पाचशे रुपये दंड भरावा, म्हणजे पेश्या, कोर्टाच्या तारखा, वाचतात. आणि वकील हवाच असेल, तर सरकारी वकील फुकट असतो, त्याला आपली बाजू सांगावी. हा मजकूर माझ्या बहिणीच्या घरी पोहोचला नसता, तर मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजारच्या कास्तकाराशी झालेल्या मारामारीच्या गुन्ह्यात माझ्या भाच्याचे नाव आले आहे. तो पोलीस भरतीची तयारी करतो. आमच्या भाऊजींनी मात्र हा मजकूर वाचून ‘पहिल्याच पेशीला कबूल करून मोकळे होऊ’ असे ठरवूनही टाकले होते.

म्हणून सुरुवात कबुलीच्याच मुद्द्यापासून करतो, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होणार आहे. कोर्टात गुन्हा कबूल करणे म्हणजे प्रकरण मिटवणे नव्हे; त्या कबुलीवरून कोर्ट दोषी ठरवू शकते आणि त्याला कायद्यात दोषसिद्धी म्हणतात. अशी दोषसिद्धी झाल्यावर शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढ्यापुरतेच अपील करता येते, ‘मी मारलेच नव्हते’ हे वरच्या कोर्टात सांगण्याची सोय उरत नाही. पोलीस भरतीत निवड झाली की चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का, शिक्षा झाली होती का, हे सगळे लिहून द्यावे लागते आणि ते लपवले तर लपवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते. वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या नावावर दोन पेश्या वाचवण्यासाठी आयुष्यभराची नोंद चढवायची, हा सल्ला कोणत्या शहाण्या माणसाने दिला असेल?

शे-पाचशेचा हिशेबही खोटा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. घातक हत्याराने दुखापत केल्याचे कलम लागले, तर कैद तीन वर्षांपर्यंत आणि दंड वीस हजारांपर्यंत जातो. हाड मोडल्याचा किंवा दात पडल्याचा दाखला डॉक्टरने दिला, तर दुखापत गंभीर ठरते आणि कैद सात वर्षांपर्यंत वाढते. आता फिर्यादीत ‘बंडीच्या उभारीने (बैलगाडीच्या बाजूच्या दांडक्याने) मारले’ असे लिहिले असेल, तर ती उभारी कायद्याच्या अर्थाने घातक हत्यार होते का, ती पंचनाम्यात जप्त झाली का, दाखल्यातली जखम तिने होऊ शकते का, हे प्रश्न उरतातच. ते विचारणारा माणूस म्हणजे वकील. ज्याने कबुली दिली, त्याच्या बाजूने हे प्रश्न कोणी कधीच विचारत नाही.

इथे एक अर्धे सत्य मला मान्य करावे लागते. धुऱ्याच्या, पाटाच्या पाण्याच्या, गुरे वावरात शिरल्याच्या भांडणात वर्षानुवर्षे कोर्टाच्या चकरा मारण्यापेक्षा आपसात मिटवणे पुष्कळदा बरेच असते. परंतु त्याची कायदेशीर वाट तडजोडीची आहे, कबुलीची नाही. साधी दुखापत, शिवीगाळ करून अपमान, धमकी अशा कलमांत फिर्यादीच्या संमतीने कोर्टात तडजोड नोंदवता येते आणि तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा होतो. घातक हत्याराचे कलम असेल तर ही वाट तशी सरळ राहत नाही आणि गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाण्याची वेळ येते. आपली कलमे कोणत्या वर्गातली आहेत, हे पोलिसांनी कोर्टात दिलेले दोषारोपपत्र (चार्जशीट) वाचणाऱ्यालाच कळते. खरोखर हात उचललेला असला, तरीही पहिल्या गुन्ह्यात परिवीक्षा कायदा, 1958 खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती करता येते आणि त्या कायद्याच्या कलम 12 नुसार अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. वकिलाशिवाय उभ्या राहिलेल्या किती कास्तकारांना ही विनंती सुचेल?

सरकारी वकिलाचा मुद्दा वाचून तर मी थक्क झालो. फौजदारी खटल्यात सरकारी वकील शासनाच्या वतीने, म्हणजे आरोपीच्या विरुद्ध उभा असतो; गुन्हा शाबीत करणे हेच त्याचे काम. आपल्याजवळचे साक्षीदार कोण, त्या दिवशी आपण कुठे होतो, हे कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन त्यालाच सांगायचे, म्हणजे समोरच्या बाजूला आपली सगळी तयारी आयती नेऊन द्यायची. फुकट वकील मिळतो हे खरे आहे, पण तो मिळतो विधी सेवा प्राधिकरणाकडून. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कमी उत्पन्नाचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना हा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा प्राधिकरण असते आणि 15100 या क्रमांकावर फोनवरून विचारणा करता येते.

‘सगळे सांगून सही द्या’ हा सल्लाही असाच घातक आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही आणि तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही घ्यायची नाही, असेच कायदा सांगतो. मग सही कशावर घेतली जाते? पुष्कळदा ती निवेदन पंचनाम्यावर, म्हणजे आरोपीने पंचांसमोर काढून देण्याच्या वस्तूबद्दल सांगितलेल्या नोंदीवर असते, ‘कुऱ्हाड कुठे ठेवली ते मी दाखवतो’ अशा वाक्याखाली. आणि त्या वाक्यावरून वस्तू सापडली, की तेवढा भाग पुराव्यात येतो. कोऱ्या कागदावर तर कोणीही सही करू नये. अटक झाल्यास चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 38 ने दिला आहे. संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. वकील केल्याने ठाणेदार चिडतात असे ज्यांना वाटते, त्यांनी संविधानाचा अनुच्छेद 22 वाचावा. चिडण्या-न चिडण्यावर तो हक्क अवलंबून ठेवलेला नाही.

आता निर्दोष माणसाला वकील लागत नाही, या मूळ दाव्याकडे येतो. त्याला एकच निकाल पुरेसा आहे. अरुणाचल प्रदेशातील सुक दास या कर्मचाऱ्यावर अभियंत्याला धमकावल्याचा आरोप होता. त्याला वकील परवडत नव्हता. फुकट वकील मागता येतो हे त्याला ठाऊक नव्हते आणि कोर्टानेही सांगितले नाही. सरकारी साक्षीदार आले, त्यांची उलटतपासणी त्याला जमली नाही आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याने वकील मागितलाच नव्हता, असे उच्च न्यायालय म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये ती शिक्षा रद्द केली, कारण वकिलाच्या मदतीविना चाललेला तो खटलाच घटनाबाह्य होता. आरोप आपल्या गावांत रोज लागतो तसाच, धमकीचा. मजकूर लिहिणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयापेक्षा जास्त कळते, असे मानायला मी तयार नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पोलिसांनी नुसती अदखलपात्र नोंद (एनसी) केली असेल, तर लगेच वकिलाकडे धावायची गरज नसते. गुन्हा जामीनपात्र असेल, तर योग्य जामीनदार आणि त्याची कागदपत्रे दिल्यावर पोलीस ठाण्यातच जामीन मिळतो आणि तो हक्काचा असतो. वकील पैसे उकळतात या तक्रारीतही तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. त्यासाठी जामिनाची फी आणि खटल्याची फी वेगवेगळी ठरवून घ्यावी, पावती मागावी, दोषारोपपत्राची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते हे लक्षात ठेवावे आणि खटल्याचा सीएनआर, म्हणजे कोर्टाने त्या खटल्याला दिलेला ओळख क्रमांक, घेऊन पुढची पेशी ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतः पाहावी. वकील पटला नाही, तर वकीलपत्र बदलता येते. विधी सेवेच्या वकिलाने पैसे मागितले, तर ज्या प्राधिकरणाने त्याला नेमले, तिथेच लेखी तक्रार द्यावी.