बाल्डविनला ज्यूरीने सोडलेलं नाही

‘रस्ट’ या अमेरिकी चित्रपटाच्या सेटवर ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेता ॲलेक बाल्डविनच्या हातातल्या पिस्तुलातून सुटलेली गोळी लागून छायालेखिका हॅलिना हचिन्स गेल्या. ‘ॲलेक बाल्डविनला ज्यूरीने निर्दोष ठरवलं, शिक्षा कुणालाच नाही,’ असं आता फिरतंय. दोन्ही चूक. सरकारी पक्षाने काडतुसांबाबतचा पुरावा बचाव पक्षापासून दडवल्यामुळे जुलै २०२४ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच रद्द केला, तोही पुन्हा भरता येणार नाही असा. ज्यूरीवर निकालाची वेळच आली नाही.

शिक्षा झाली ती शस्त्रं सांभाळणाऱ्या हॅना गुटिएरेझ-रीड यांना : निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल १८ महिने कैद. डमी काडतूस (दिसायला खरं, पण आत दारू नसलेलं) कानाशी हलवलं की आतला छर्रा खुळखुळतो; खरं काडतूस तसं वाजत नाही. एवढी साधी तपासणी! सहायक दिग्दर्शक मात्र सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी अटींवर मोकळीक) सुटला.