‘मोसंबीच्या बागेत रोटाव्हेटर ओढत नाही’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा. तुमचा एक स्टार वाचला. हायड्रोस्टॅटिकचा (गिअरऐवजी पंपाच्या ऑइल-दाबाने चाकं फिरवणारा) छोटा ट्रॅक्टर बागेत रोटाव्हेटर ओढत नाही, पेडल पूर्ण दाबलं तरी जागीच थांबतो, सीटखालून किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि तासाभराने आणखीच मंद होतो, असं तुम्ही लिहिलंय. गाडी न बघता ती ठणठणीत आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण ही लक्षणं वाचून आधी चालवण्याची पद्धत बदलून बघा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हे पेडल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर नव्हे. ते पंपातल्या तिरप्या प्लेटचा कोन बदलतं. जास्त दाबलं की वेग वाढतो, पण चाकांची ओढ कमी होते. म्हणून गाडी अडली की पाय उचलायचा. गिअरच्या ट्रॅक्टरवर हात बसलेल्यांना हे उलटं वाटतं, चांगले कसलेले ड्रायव्हरही इथे फसतात.

गाडी पूर्ण थांबवून रेंज (जलद-संथ निवडायचा लिव्हर) लो मध्ये टाका. कमी आरपीएमवर पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्ट) जोडा, मग हँड थ्रॉटल मीटरवरच्या 540 पीटीओच्या खुणेपर्यंत न्या आणि तिथेच ठेवा. वेग फक्त पेडलने कमी-जास्त करा. आपल्या काळ्या जमिनीत वापसा आल्याशिवाय रोटाव्हेटर घालूच नका. पहिला हात 3 इंच, दुसरा 5 इंच. एकाच हातात खोल जायचा हट्ट या हॉर्सपॉवरला झेपत नाही.

कान इंजिनाकडे ठेवा. इंजिन दबत असेल तर लोड जास्त आहे: पाय थोडा उचला, खोली कमी करा. इंजिन एका लयीत चालू, पण चाकं थांबली आणि किंचाळी सुरू झाली, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) उघडलाय. तेव्हा चाकं फिरत नाहीत, नुसतं ऑइल तापतं. तापलेलं ऑइल पातळ होऊन पंपात आतल्या आत गळतं आणि ओढ अजून घटते. तासाभराने मंद होण्याचं एक कारण हेच. दुसरं कारण रेडिएटरची जाळी. कापसाचे तंतू आणि वाळलं गवत तिथे अडकतं, इंजिन बंद करून रोज झाडा.

‘ऑइल कमी दिसलं म्हणून गावातून भरलं’ हे वाक्य मात्र आम्हाला खटकलं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडशिवाय दुसरं ऑइल चालत नाही. ते सगळं काढा, फिल्टर बदला, नवीन भरा. पातळी बघताना गाडी सपाट जागी, इंजिन बंद, रोटाव्हेटर खाली टेकलेला हवा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय.

एवढं करूनही थंड गाडी ओढते आणि तापल्यावर सोडते असं झालं, तर आम्हाला कळवा. शेतावर येऊन गेज लावतो. मॅन्युअलपेक्षा प्रेशर कमी भरलं तर पंपाची जबाबदारी आमची. तोवर बंद पडलेली गाडी दोराने ओढायची वेळ आलीच, तर रेंज न्यूट्रलमध्ये ठेवा आणि सावकाश ओढा. रेंजमध्ये ओढली तर चाकं उलट ऑइलवर चालणारी मोटर फिरवतात, पण इंजिन बंद असल्याने चार्ज पंपाकडून (तिला तेल पुरवणाऱ्या छोट्या पंपाकडून) तेल येत नाही आणि ती कोरडी फिरून खराब होते.