परदेशात जुन्या गाड्या असतात

"परदेशात असल्या खटारा गाड्या रस्त्यावर दिसतात तरी का?" हे वाक्य माझ्या आतेभावाने नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. निमित्त दिल्लीचं होतं. १ जुलै २०२५ पासून तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही, असा हुकूम निघाला. ओरड झाली, काही दिवसांतच तो थांबवावा लागला. ग्रुपवरचा वाद मात्र पेटला तो पेटलाच. आतेभावाचं म्हणणं, पुण्यातही हेच करा, पंधरा वर्षं भरली की गाडी भंगारात. खाली अंगठ्यांची रांग.

दाखला परदेशाचा, आणि परदेशात राहतो मी. कोलंबस, अमेरिकेतलं इंडियाना राज्य. कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीमुळे इथे पुण्याची माणसं इतकी आहेत की किराणा घेताना मराठी कानावर पडलं तर कुणी वळूनही बघत नाही. माझा पिकअप २००१ चा डॉज रॅम आहे, ५.९ लिटरच्या कमिन्स डिझेलचा. दिल्लीच्या हिशेबाने तो कधीच मेलेला. इथे त्याला नोंदणीचा स्टिकर मिळतो, विमा मिळतो आणि तो वजन ओढतो. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, गाडीची तपासणी म्हणून काही होत नाही, धुराचीही नाही. अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या गाड्यांचं सरासरी वय साडेबारा वर्षांच्या आसपास आहे. सरासरी! म्हणजे वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षांच्या किती असतील याचा अंदाज करा. तेव्हा परदेशाचं नाव घेऊन जुन्या गाडीला हाकलू नका. माहिती नसेल तर निदान मला विचारा.

हा पिकअप ज्याला ओढतो त्याबद्दल तर मला जास्तच बोलायचं आहे. गेल्या वर्षी मी १९९४ सालचा एक फिफ्थ व्हील ट्रेलर घेतला, म्हणजे पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर. पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर जे हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, असते, त्यावर याची मान टेकते. त्या मानेच्या वरच्या भागात झोपायची जागा, खाली स्वयंपाकघर, बसायला जागा, न्हाणीघर. ट्रेलरचं साधारण एक पंचमांश वजन पिकअपच्या अंगावर येतं, म्हणून मागे लांबलचक घर असूनही ते वळणावर डुलत नाही. असं काही माझ्या मालकीचं पहिल्यांदाच झालं. विकणारे आजोबा म्हणाले, छत गळत नाही. छत खरंच गळत नव्हतं.

पाणी कोपऱ्यातून येत होतं. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर तपकिरी डाग होता. अंगठा दाबला तर पॅनेल आत गेलं. बाहेरून सगळं कसं ठाकठीक! वर चढून रबराचं छत पाहिलं, व्हेंटभोवतीचं सीलंट पाहिलं, कुठे चीर नाही. शेवटी पुढच्या कपाळावरचे छोटे पिवळे दिवे काढले आणि उलगडा झाला. दिव्याच्या स्क्रूंच्या भोकांतून कित्येक पावसाळे थेंब थेंब पाणी आत शिरत होतं आणि चौकटीच्या लाकडावरून ओघळत हातभर खाली जाऊन मुरत होतं. कोपऱ्याची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उचकटली तेव्हा तिच्या मागची फट बुजवणारी ब्युटाइल टेप वाळून कडक झाली होती, स्क्रूंचा नुसता गंज उरला होता आणि आतलं पातळ प्लायवूड चहात पडलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. चौकटीचा कुजलेला भाग कापला, शेजारी नवं लाकूड ठोकून त्याला आधार दिला, कोपरा पूर्ण सुकू दिला, मग नवी टेप, नवे स्क्रू, वरून सीलंट. हे काम घाईने करणारे लोक ओल्यावरच नवं पॅनेल चिकटवतात. त्यांचे ट्रेलर दोन वर्षांनी पुन्हा विकायला निघालेले दिसतात.

मग खालचं. टायर बघाल तर नक्षी जवळपास कोरी, कुणीही म्हणेल अजून चालतील. पण टायरच्या कडेवर डीओटीच्या, म्हणजे अमेरिकी वाहतूक खात्याच्या, क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचायचे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर २३०९ होतं, म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. बाजूच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या. चारही बदलले. बेअरिंग काढून धुतले, जुनं काळं ग्रीस पुसलं, नवं ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या कडेने आत दाबत दाबत भरलं, दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावेपर्यंत. ट्रेलरच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकचे मॅग्नेट घासून सपाट झाले होते, तेही नवे. आणि पाण्याच्या नळ्या! त्या काळात पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकच्या राखाडी नळ्या घालायचे. त्या जोडापाशी दगा देतात म्हणून १९९५ च्या सुमारास बाजारातून गेल्या. त्या सगळ्या उपटून पेक्स या दुसऱ्या प्लास्टिकच्या घातल्या.

बघा, टायर मी वयावरून काढले आणि खालची पोलादी चौकट तपासून ठेवली. रबर वयाने मरतं, पोलाद देखभाल नसली की मरतं. माझं आतेभावाशी भांडण एवढ्याचसाठी आहे. खरं तर २०२१ चं आपलं राष्ट्रीय भंगार धोरणही हेच सांगतं: खासगी गाडीची फिटनेस चाचणी करा, नापास झाली तर मोडीत काढा. सरकारी गाड्यांना तेवढी १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांची सक्ती आहे. दिल्लीचं प्रकरण वेगळं, ते हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आलं, आणि तिथल्या हवेची तऱ्हा आपण सगळे जाणतो. पण पुण्याला दिल्लीचा नियम लावायचा आणि वर नाव अमेरिकेचं सांगायचं, हे मला सहन होत नाही.

यावर भाऊ लिहितो, "तुला तिथे हौस परवडते. इथे लोकांना श्वास घ्यायचाय." आणि मग ते ठरलेलं वाक्य: "तू तिकडे बसून बोलू नकोस."

तिकडे बसून. मी ट्रेलरखाली उताणा पडून, डोळ्यांत गंज झेलत हे शिकलो म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. बेअरिंगला ग्रीस कसं भरायचं ते मला इंडियानात कुणी शिकवलं नाही. ते नाना पेठेत शिकलो. बाबा स्पेअर पार्ट घ्यायला जायचे तेव्हा मी मागे. दुकानदार जुना पार्ट हातात घेऊन वजन करावं तसा तोलायचा, नखाने खरवडायचा आणि सांगायचा, "हा अजून चालेल साहेब, नुसतं बुश बदला." ग्राहकाला नवा घेऊ नका म्हणणारा दुकानदार! रविवारी जुना बाजार. तिथे एक-एक पाना, एक-एक नट बाबा उजेडात धरून बघायचे. माणसाने वस्तू टाकण्याआधी ती उघडून बघावी, हे आमच्या घरात संस्कारासारखं होतं. ते मी इथे आणलं. ज्यांच्याकडून आणलं तेच आता मला अमेरिकेचा दाखला देऊन सांगतात, उघडू नको, टाकून दे. मला राग येतो तो याचा.

इथल्या लोकांबद्दल मला आदर आहे, तो सांगायलाच हवा. उत्तरेला एल्कहार्ट आहे, देशातले बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी चाकांवरची घरं, त्याच भागात बनतात. तिथल्या कारखान्यांत जुन्या वळणाने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाचे कामगार मोठ्या संख्येने आहेत. स्वतः घोडागाडीतून फिरणारी माणसं दुसऱ्यांच्या फिरत्या घरांच्या भिंती ठोकतात, आणि ठोकतात ती मनापासून. तिथे कारखान्यांतला उरलेला माल विकणारी दुकानं आहेत. माझी पॅनेलं, कडीकोयंडे, खिडकीची रबरं तिथूनच आली. आणि आमच्या ऑफिसातला व्हाइस प्रेसिडेंट शनिवारी स्वतःच्या गाडीखाली दुरुस्ती करताना दिसतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. पुण्यात माझ्या वयाचा माणूस पाना घेऊन पार्किंगमध्ये बसला तर सोसायटीतले विचारतात, "मेकॅनिक नाही मिळाला का?" हे बदलायला हवं, आणि हे मी तिकडे बसूनच बोलणार.

पण रात्री गराज बंद केल्यावर एक गोष्ट मला छळते. माझं इथलं घर नव्या वस्तीतलं आहे. त्याच्या एकाही भिंतीला माझ्या ओळखीच्या कुणाचा हात लागलेला नाही. ट्रेलरमध्ये तो विकणाऱ्या आजोबांच्या अक्षरात प्रत्येक स्विचखाली चिकटपट्टीवर नाव लिहिलंय. ते मी काढलेलं नाही, काढवत नाही. मला एखादी जुनी, कुणीतरी वापरलेली, दुरुस्त करता येईल अशी वस्तू हवी होती. पुण्यात अशा वस्तूंनी भरलेलं घर मी सोडून आलो. आतेभावावर जो राग निघतो त्यात हेवा बराच आहे. त्याच्याकडे ते सगळं आहे आणि तो ते टाकून द्यायला निघालाय. ब्राउन काउंटीच्या पार्कात ट्रेलर लावला की शेजारचा माणूस हातात पाना घेऊन येतो, तासभर हिचबद्दल बोलतो, मदत करतो. मग विचारतो, कुठले तुम्ही? मी "कोलंबस" म्हणतो, आणि तो पुढच्या उत्तराची वाट बघत उभा राहतो. पुण्यात कुणी विचारत नाही, कारण तिथे उत्तर ठरलेलं असतं: चार दिवसांचा पाहुणा.

आणि मुद्दा निव्वळ धोरणाचा असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. आत्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांची १९८७ ची बजाज चेतक उभी आहे. सोसायटी पुनर्विकासाला चालली, पार्किंग रिकामं करायचंय. भावाने भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय आणि मला नुसतं कळवलंय. तो वाईट नाही. ती गाडी इतकी वर्षं त्यानेच पुसली, मी नाही. सोसायटीवाल्यांची बोलणीही त्यानेच खाल्ली. म्हणूनच त्याला सांगतोय, हुकूम करत नाही. वीस वर्षांवरच्या दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचे आता २,००० रुपये पडतात. ते, उशिराचा दंड, नवे टायर, केबल, कार्ब्युरेटरची सफाई, सगळा खर्च माझा. अरे, एकदा तिला पासिंगला ने. इन्स्पेक्टरने ब्रेक बघावेत, दिवे बघावेत, धूर मोजावा. नापास झाली तर भंगारवाल्याला बोलाव, मी एक शब्द बोलणार नाही. पण आधी पासिंगला ने.